लांब नाकांची नोंदवही

एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात कास्थिमत्स्यांची मोजकी उदाहरणे दिली आहेत. त्यांतले एक प्रिस्टिस, म्हणजे करवत मासा. लातूरच्या शिकवण्यांपासून कोट्याच्या वसतिगृहांपर्यंत मुले हे नाव घोकतात. अलीकडे दरवर्षी २० लाखांहून अधिक मुले नीटला बसतात. म्हणजे या माशाचे नाव ठाऊक असलेली माणसे आज देशात जितकी आहेत तितकी पूर्वी कधीच नसतील. मासा मात्र आपल्या किनाऱ्यावर चुकूनमाकून दिसतो आणि दिसला की त्याची बातमी होते. नावे किती उरली आणि मासे किती, हे एकदा मांडून बघावे म्हणून ही नोंदवही घातली. लांब नाकाचे मासे तेवढेच घेतले आहेत. क्रम लावलेला नाही.

*

करवत, एक नग. एका जुन्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात, कपाटात मावत नाही म्हणून कपाटावर आडवी ठेवलेली. लांबी साडेतीन फुटांच्या आसपास. रंग जुन्या व्हार्निशचा. वरून हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपरसारखी खरखर. दोन्ही कडांना दात, एका बाजूला १८, दुसऱ्या बाजूला १७ आणि एक रिकामी खोबण. दात आपण म्हणायचे एवढेच. खरे दात तोंडात, खालच्या अंगाला, बारीक बारीक असतात. हे जे कडेला आहेत ते अंगावरच्या खवल्यांचेच वाढून झालेले रूप. मोडलेल्या दाताचे बूड शाबूत असेल तर तो पुन्हा वाढतो. मुळासकट उपटला गेला तर ती खोबण जन्मभर रिकामी.

एका दाताच्या मागच्या कडेवर नख फिरवले की उभी खाच लागते. मोठ्या दाताच्या जातीची ही खूण. या जातीचे दात डोक्यापासून टोकापर्यंत साधारण सारख्या अंतरावर असतात. टोकाकडे दाटी होत गेली असेल तर तो हिरवा करवत मासा. डोक्यालगतचा तुकडा अगदी बिनदातांचा असेल आणि पुढचे दात चपटे, त्रिकोणी असतील तर अरुंद करवतीची जात. भारताच्या किनाऱ्यावर या तिन्ही जातींच्या नोंदी आहेत. जगात एकूण पाचच. करवत अंगाच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या आतबाहेर असते, तेव्हा या कपाटावरच्या करवतीमागचा मासा चौदा फुटांना कमी नसावा.

करवतीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे. प्रिस्टिस, सॉफिश, एवढेच. कुठल्या खाडीतला, कुठल्या साली, कोणाच्या जाळ्यातला, काही नाही. स्पॉटिंगच्या परीक्षेत गुण मिळवायला तेवढे पुरते.

*

करवतीचे काम. मुशीसारखा दिसत असला तरी हा मासा पाकटाच्या घराण्यातला; कल्ल्यांच्या फटी पोटाकडे असतात, त्यावरून ओळखायचा. पाकटासारखाच तो तळाशी बसून राहतो. तळाचे पाणी गढूळ, नदीच्या मुखाशी तर हात पाण्यात घातला की दिसेनासा होतो. अशा पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. करवतीच्या कातडीत हजारो बारीक छिद्रे असतात, त्यांत चिकट द्रव असतो. कोळंबी हलली, मासळीचा कल्ला उघडमीट झाला, की पाण्यात विजेचा अगदी क्षीण प्रवाह उठतो आणि तो या छिद्रांना कळतो.

बार्बरा व्युरिंगर यांनी ऑस्ट्रेलियातल्या तरुण करवत माशांवर प्रयोग करून २०१२ मध्ये दाखवले की हे नाक शोधतेही आणि मारतेही. समोरून भक्ष्य गेले की मासा करवत आडवी फिरवतो, सपकन, आणि जखमी झालेली मासळी त्याच करवतीने तळाशी दाबून धरतो. एकाच अवयवात कान, हात आणि हत्यार. असे फार थोड्या जनावरांच्या वाट्याला आले आहे.

आणि हाच अवयव जाळ्यात अडकतो. नायलॉनचे जाळे कसल्याही माशासाठी लावलेले असो, त्याच्या आसातून बाकीचा मासा कदाचित निसटेल, करवत निसटत नाही. सुटायला मान हलवली की आणखी चार दात गुंततात. जिवंत मासा जाळ्यातून मोकळा करायचा म्हणजे कोळ्याच्या हातापायांना धोका आणि हजारो रुपयांच्या जाळ्याला कात्री. मग पूर्वी एकच उपाय चाले, कोयत्याने करवत तोडायची. करवतीविना सोडलेला मासा शोधणार काय आणि खाणार काय!

*

पिलू. करवत माशाच्या पोटातून अंडी नाही, पिल्ले बाहेर येतात, करवतीसकट. आईच्या पोटात जखमा होऊ नयेत म्हणून जन्मताना पिलाच्या दातांवर मऊ आवरण असते. ते काही दिवसांत गळून पडते. एका वेताला १ ते १३ पिल्ले. मोठ्या दाताच्या जातीची मादी साधारण तीन मीटरची झाल्यावर वयात येते. बांगडा नाहीतर तारली एका खेपेला हजारोंनी अंडी घालते, तेव्हा तिचा हिशेब वेगळा. इथे एक मादी कापली की पुढची कित्येक वर्षे त्या खाडीत पिलू नाही.

*

पर. करवत गेल्यावर किंमत परांना. सूपासाठी जगात ज्या परांना चढा भाव मिळाला त्यांत करवत माशाचे पर वरच्या प्रतीचे धरले जात. यकृताचे तेल काढत, मांस खारवून सुकवत. म्हणजे या माशाचे काहीच वाया जात नसे. टिकवून ठेवावा असा तो कोणाला वाटला नाही, त्याचे कारण हेही.

*

सरोवर. निकारागुआतल्या निकारागुआ सरोवरात मोठ्या दाताचा करवत मासा राहत असे, सान हुआन नदीतून समुद्राकडे येजा करत असे. थॉमस थॉर्सन हे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ तिथे त्याचा अभ्यास करत होते, खुणेचे बिल्ले लावत होते. तेवढ्यात व्यापारी मासेमारी सुरू झाली. १९७० ते १९७५ या काळात तिथे ६० हजार ते १ लाख करवत मासे मारले गेले, असा थॉर्सन यांचा अंदाज. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने बंदी आणली. बंदी पाळण्यात अडचण आली नाही, मासेच नव्हते.

*

मालपे, मार्च २०२१. कर्नाटकातल्या मालपे बंदरावर सुमारे दहा फुटांचा करवत मासा उतरला. यारीला टांगलेल्या माशाची चित्रफीत दोन दिवसांत मराठी मोबाइलांवरही फिरली. खाली शेरे आले. कोणी शार्क म्हणाले, कोणी सुतार मासा, कोणी भाव विचारला. हा मासा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते सांगणारे शेरे मला दोन-तीनच दिसले.

२००१ साली त्या अनुसूचीत देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, आणि तिच्यासोबत काही मुशी-पाकटांच्या जाती घातल्या गेल्या. करवत मासे त्यांतच. कायदा झाला तेव्हा तो मासा किनाऱ्यावर जवळपास संपत आला होता, म्हणून कायद्याची झळ कोणाला बसली नाही आणि माहितीही कोणाला झाली नाही. जाळ्यात चुकून आलेल्या जनावराचे काय करायचे, याचे उत्तर महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये दिले. संरक्षित प्राणी सोडून देण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रफीत. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाची ही योजना. कासवे सुटली, देवमुशी सुटल्या. कोळ्याला गुन्हेगार न मानता त्याच्या जाळ्याची किंमत मोजायची, ही सरकारी कागदावर क्वचित दिसणारी अक्कल आहे. ती वीस वर्षे आधी सुचली असती तर करवतीच्या कामी आली असती.

*

नाणे. पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांच्या सामाईक मध्यवर्ती बँकेचे बोधचिन्ह करवत मासा आहे. घानाकडच्या अकान लोकांची सोन्याची भुकटी तोलायची पितळी वजने असत, त्यांतल्या माशावरून घेतलेले. सीएफए फ्रँकच्या नाण्यांवर तो रोज बाजारात फिरतो. त्या किनाऱ्यावर जिवंत करवत मासा पाहिलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत.

इतर ठिकाणी उरलेले: मेक्सिको शहरात ॲझ्टेकांच्या महामंदिराखाली देवाला वाहिलेल्या करवती उत्खननात सापडल्या. तैवानच्या देवळांत अंगात येणारे भगत करवतीने स्वतःच्या पाठीवर वार करून घेत. पेरू, इक्वेडोरमध्ये तिचे दात तासून कोंबड्यांच्या झुंजीसाठी पायाला बांधायच्या आऱ्या करत. दुसऱ्या महायुद्धात यू-९६ या जर्मन पाणबुडीच्या बुरुजावर हसणारा करवत मासा रंगवला होता. पुढे तो जर्मनीच्या नवव्या पाणबुडी-ताफ्याचे चिन्ह झाला. चित्रांत, मंदिरांत, नाण्यांवर इतका मान मिळालेला दुसरा मासा सांगता येणार नाही. २०२१ च्या एका पाहणीचा निष्कर्ष असा, की ज्या किनाऱ्यांवर करवत मासे एके काळी होते त्यांतल्या निम्म्यांवरून ते गेले आहेत.

*

हत्तीमासा. ही नोंद लांबणार आहे, कारण या माशाला आता दुसरीकडे कुठे जागा नाही.

चीनच्या यांगत्से नदीत लांब, निमुळत्या चोचीचा एक मासा होता. शास्त्रीय नाव सेफ्युरस ग्लॅडियस, पहिले वर्णन १८६२ मध्ये एडुआर्ड फॉन मार्टेन्स यांनी केलेले. मराठीत त्याला चिनी वल्हेमासा म्हणता येईल. नदीकाठचे लोक मात्र त्याला हत्तीमासा म्हणत, सोंडेवरून. त्यांची एक म्हणही होती, की स्टर्जन हजार चिनी शेरांचा आणि हत्तीमासा दहा हजारांचा. म्हणीत वजन वाढवून सांगितले असणार, पण सात मीटरांचा मासा पाहिल्याच्या जुन्या नोंदी आहेत. नदीतल्या इतर माशांवर जगणारा हा शिकारी. चोचीत विजेची जाणीव असलेली असंख्य छिद्रे, गढूळ यांगत्सेत भक्ष्य शोधायला. डायनासोर जमिनीवर होते तेव्हा या घराण्याचे मासे पाण्यात होते.

अंडी घालायला तो वर जाई, सिचुआनकडे. मोठा व्हायला खाली येई. ही येजा म्हणजेच त्याचे आयुष्य. १९८१ मध्ये यिचांगजवळ गेझोउबा धरणाने नदी अडवली. धरणाला माशांसाठी वाट ठेवलेली नव्हती. स्टर्जनची कृत्रिम पैदास करता आली, याची कधीच जमली नाही. खालचे मासे खाली म्हातारे झाले, वरचे वर. १९८१ ते २००३ या बावीस वर्षांत मिळून तो सुमारे २१० वेळा दिसला. नंतरच्या हिशेबाप्रमाणे १९९३ च्या सुमारास त्याची संख्या इतकी घटली होती की पुढची पिढी होणेच शक्य नव्हते. हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. मासा अजून अधूनमधून दिसत होता ना.

डिसेंबर २००२ मध्ये नानजिंगला एक सापडला. टाकीत ठेवला, उपचार केले, महिनाभरात गेला.

मग २४ जानेवारी २००३. सिचुआनमधल्या यिबिनजवळ नानशी इथे एका मच्छीमाराच्या जाळ्यात मादी आली, लांबी ३.५२ मीटर, वजन १६० किलोच्या आसपास, पोटात अंडी. मत्स्यशास्त्रज्ञ वेई छीवेई आणि त्यांचे सहकारी धावले. जखमांवर इलाज केला, अंगावर ध्वनिलहरी सोडणारे यंत्र बसवले आणि तिला तीन दिवसांनी नदीत सोडले. बोट मागोमाग. ही मादी कुठे जाते ते कळले तर अंडी घालायची जागा कळेल, जागा कळली तर बाकीचे भेटतील, असा विचार. दोनच दिवसांत रात्री बोट खडकावर आदळली. ती दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यात उतरेपर्यंत यंत्राचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. त्यानंतर हा मासा कोणी पाहिला नाही.

शोध थांबला नाही. २०१७ आणि २०१८ मध्ये सगळ्या यांगत्से खोऱ्यात पाहणी झाली, ३३२ जातींचे मासे नोंदले गेले, हत्तीमासा एकही नाही. २०१९ च्या अखेरीस त्याच शास्त्रज्ञांच्या चमूने शोधनिबंधात लिहिले, की ही जात २००५ ते २०१० च्या दरम्यान कधीतरी संपली असावी. जुलै २०२२ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेने तिला अधिकृतपणे नामशेष म्हटले. त्याच यादीत यांगत्सेचा स्टर्जन 'निसर्गातून नाहीसा' या रकान्यात गेला. १ जानेवारी २०२१ पासून यांगत्सेत दहा वर्षांची मासेमारीबंदी आहे. बंदी चांगली आहे, कडक आहे, आणि तिचा फायदा होईल त्या जाती वेगळ्या आहेत.

मला या प्रकरणात सर्वांत बोचते ते धरण नाही. धरणे बांधली जाणार, माणसांना वीज हवी. बोचतो तो १९८१ ते २००३ मधला काळ. मासा दिसत होता तोवर कोणाला घाई नव्हती. आपल्याकडेही एखादी मासळी 'हल्ली जरा कमी येते' असे बाजारात ऐकू येते, तेव्हा ती नोंद करायची वेळ असते.

*

वल्हेमासा, अमेरिकी. हत्तीमाशाचा एकुलता भाऊबंद, मिसिसिपीच्या खोऱ्यातला. नाक वल्ह्यासारखे चपटे. अठराव्या शतकात पहिल्यांदा वर्णन केले तेव्हा तो शार्क समजला गेला होता. याची राहणी अगदी वेगळी. तोंड उघडे ठेवून पोहतो आणि पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. कॅनडातून तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच गेला. अमेरिकेत अजून २२ राज्यांत आहे. धरणांनी तिथेही वाटा अडवल्या, पण हॅचरीत पिल्ले वाढवून ती नद्यांत सोडतात. मोंटानात ग्लेंडाइव्ह गावाजवळ यलोस्टोन नदीवर गळाने त्याची हंगामी मासेमारी चालते, मर्यादा ठरवून. अंड्यांची कॅव्हियार विकून आलेला पैसा गावाच्या आणि माशाच्या कामाला जातो.

त्याच्या नावावर एक विचित्र गोष्टही आहे. हंगेरीतल्या मत्स्यसंशोधन संस्थेत रशियन स्टर्जनच्या अंड्यांवर वल्हेमाशाचे शुक्राणू वापरले, ते अंडी नुसती चाळवण्यासाठी. संकर होणे शक्यच नाही असे धरून. दोन्ही घराणी वेगळी होऊन १८ कोटी वर्षे झाली होती. पिल्ले झाली. काही स्टर्जनसारखी, काही अर्धवट वल्हे घेऊन. २०२० मध्ये ही बातमी आली. जे आहे ते वाचवता येत नाही आणि जे नको ते चुकून तयार होते, असे म्हणायचा मोह होतो. पण हंगेरीतल्या मंडळींचा दोष नाही, ती स्टर्जन वाचवायलाच बसली होती.

*

स्टर्जन. उरलेल्या २६ जाती. सगळ्या धोक्यात.

*

गिटार मासे. अर्धे पाकट, अर्धी मुशी, पुढे फावड्यासारखे टोकदार नाक. ताजा मासा उजेडाकडे धरला तर नाकाच्या कण्याच्या दोन्ही बाजूंची कातडी आरपार दिसते, साबुदाण्याच्या पापडासारखी. वाळूत हे नाक खुपसून तो खेकडे-शिंपले काढतो. कोकणात, गोव्यात, गुजरातेत तो अजून उतरतो. मोठे नग विरळ झाले. यांच्यातला जायंट गिटारफिश २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहे. २०१९ मध्ये या माशांच्या जागतिक व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले. पर पांढरे आणि दर्जेदार, म्हणून परांच्या बाजारात मागणी. करवतीच्या वाटेवर आहेत, दोन-तीन मुक्काम मागे. लिलावात अजून आकडा ऐकू येतो आहे, तोवर वेळ आहे.

*

नळीमासे, समुद्रघोडे. नाक म्हणजे बारीक नळी, टोकाला तोंड. सूक्ष्म कोळंबीजवळ नळी नेऊन डोके झटकन वर करतात आणि पापणी लवायच्या आत ती आत ओढून घेतात. २००१ मध्ये सगळे कुटुंब पहिल्या अनुसूचीत आले. ट्रॉलच्या जाळ्याला कायद्याचे वाचन नाही. आस बारीक, तळ खरवडून निघतो. जवळ्यासोबत समुद्रघोडा येतो, वाळतो, कचऱ्यात जातो, नाहीतर चिनी औषधांच्या चोरट्या व्यापारात.

*

टोळ. ही गेलेली नाही. मुंबईपासून मालवणपर्यंत बाजारात दिसते, सडसडीत, लांब चोच, चोचीत अणकुचीदार दात. रात्री गॅसबत्तीच्या उजेडाला पाण्यातून झेपावते, म्हणून होडीत बसणारे तिला जरा दबून असतात. तळली की काटे हिरवे निघतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटते मासा खराब आहे; तो रंग बिलिव्हर्डिन नावाच्या द्रव्याचा, खायला अपाय नाही. मासळी शिळी देत नाही हे पटवता पटवता कोळणीचा अर्धा दिवस जातो. किंमत जास्त नाही, मागणी जास्त नाही. टिकून राहायला हे दोन गुण पुष्कळ झाले.

*

ऑक्सिरिंकस. इथे यादी उलटी होते. नाईल नदीत लांब सोंडेचे मॉर्मिरस जातीचे मासे राहतात. चिखलात अळ्या शोधतात, स्वतः विजेचे सौम्य झटके सोडून वाट काढतात. प्राचीन इजिप्तमध्ये त्यांना देव मानणारे ऑक्सिरिंकस नावाचे शहर होते. माशाच्या काशाच्या मूर्ती ओतत, तो मासा खाणे निषिद्ध. शेजारच्या कुत्रापूजक शहराने हा मासा खाल्ला म्हणून यांनी त्यांचे कुत्रे कापून खाल्ले आणि लढाई झाली, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. शहर गेले, वाळूखाली गाडले गेले. १८९६-९७ पासून ग्रेनफेल आणि हंट या दोघा इंग्रजांनी तिथले उकिरडे उकरून पपायरसचे ढीग काढले. पूजा, पुजारी, देऊळ यांतले काही उरले नाही. मासा नाईलमध्ये आहे.

*

तलवार मासा. गेला असे वाटत असताना परतलेला, म्हणून नोंद. उत्तर अटलांटिकमधला तलवार मासा १९९०च्या दशकात फार घटला होता. बाजारात येणारे नग कोवळे, वयात न आलेले. जानेवारी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित हॉटेलांच्या आचाऱ्यांनी ठरवले की काही काळ हा मासा ताटात वाढायचा नाही. पाठोपाठ १९९९ मध्ये अटलांटिकच्या ट्यूना आयोगाने दहा वर्षांची योजना आखून पकड कमी केली. २००९ मध्ये साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. तलवार मासा खोल समुद्रात हिंडणारा, लाखांनी अंडी घालणारा. त्याची करवत माशाशी बरोबरी होत नाही. तरी 'काही केले तरी उपयोग नाही' म्हणणाऱ्यांना दाखवायला ही नोंद राहू द्यावी.

*

फ्लोरिडा. करवत मासा जिथे थोडाफार तग धरून आहे अशी एक जागा. १९४७ मध्ये एव्हरग्लेड्सचे राष्ट्रीय उद्यान झाले, खारफुटीच्या पिलांच्या जागा वाचल्या. १९९४ मध्ये लोकांनी मतदान करून किनाऱ्यालगतच्या कल्लेजाळ्यांवर बंदी आणली. २००३ मध्ये लहान दाताचा करवत मासा संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली आला. २०१५ मध्ये तिथल्या दोन नद्यांच्या मुखांजवळच्या १९० माशांचे डीएनए तपासले तेव्हा ७ असे निघाले की ज्यांना बापच नव्हता. मादीने नराशिवाय पिल्ले घातली होती. एरवी नर-मादीच्या मीलनातूनच पिल्ले होणाऱ्या, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात अशी पिल्ले निसर्गात जगून वाढल्याचा हा पहिला पुरावा. वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हटले. मादीला नर भेटत नाही, इतके मासे कमी झाले आहेत, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

*

शेवटी तुमच्याकडचे. कोळीवाड्यातल्या जुन्या घरात, आजोळच्या पडवीत, एखाद्या बंगल्याच्या दिवाणखान्यात करवत टांगलेली असू शकते. ती विकू नका, कोणी विचारले तरी. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. ती घरात असल्याचे वनविभागाला कळवा. त्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून घ्या: कुठल्या खाडीत मिळाली, साधारण कुठल्या साली, कसल्या जाळ्यात, तेव्हा असे मासे किती येत. दोन्ही बाजूंचे दात मोजा, लांबी मोजा, डोक्याकडचा तुकडा दातांचा आहे की बिनदातांचा ते पाहा, फोटो काढा आणि ही सगळी माहिती तारखेसकट एका कागदावर लिहून करवतीला बांधा. सांगू शकतील अशी माणसे सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. या महिन्यातच विचारा.